नाच, पान आणि मुक्काम

मुंबईच्या उपनगरांतील मध्यमस्थितींतल्या कुटुंबांची यात्रा पूर्वीं पंढरपुरापासून सुरू होऊन फार तर काशीरामेश्वरापर्यंत जाई. आतां पार्लें, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील सेवानिवृत्त मंडळी युरोप पाहून तृप्त झाली असून त्यांतील कित्येकांचें लक्ष दक्षिण अमेरिकेकडे लागलें आहे. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीस असतो, कोणी प्रवासी कंपनीबरोबर जातो. विमान ठरतें, परवाने मिळतात, औषधांची पिशवी भरते. परंतु एक प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहतो. त्या त्या देशाच्या नृत्याची म्हणून एक रात्र प्रत्येक पत्रकांत छापलेली असते. तिच्यांत जेवण असतें, मद्य असतें आणि तिचा आकडा वेगळा, बारीक अक्षरांत असतो. ती घ्यावी कीं सोडावी, घ्यावी तर कोणती, आणि तिच्यासाठीं मुक्काम कोठें करावा, हें सांगणारा कोणी भेटत नाहीं. मुलुंडच्या एका वाचकभगिनीनें आम्हांस नेमकें हेंच विचारलें आहे, आणि तिचा प्रश्न आर्जेन्टिना देशांतील टँगो नामक नृत्याविषयीं आहे. आमचे जावई ब्राझीलमध्यें साव पावलो येथें नोकरीस असल्यामुळें गतवर्षीं कार्तिकांत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों होतों, आणि तेथून तीन तासांच्या विमानप्रवासावर असलेल्या ब्यूनॉस आयर्स शहरीं पांच रात्री राहून आलों. तेवढ्या अधिकारानें हें उत्तर लिहीत आहों.

प्रथम आक्षेपाचा विचार करूं. आमच्या निघण्यापूर्वीं ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ही गोष्ट निघाली तेव्हां एका गृहस्थांनीं भुवया चढवून विचारलें, "मास्तर, परपुरुषाच्या छातीला छाती लावून बाई नाचते, तें पाहायला वहिनींना नेणार तुम्ही?" हेच गृहस्थ कालिदास नाट्यमंदिरांत लावणीचा कार्यक्रम असला म्हणजे पुढच्या तीन रांगांतील तिकीट मिळावें म्हणून सकाळींच खिडकीशीं उभे असतात. त्यांचें लावणीवरील प्रेम आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु लावणीस शिष्टांच्या घरांत केव्हां प्रवेश मिळाला, हें ते विसरतात. पेशवाईच्या उत्तरकाळांत सोलापूरचे राम जोशी हे वैदिक घराण्यांत जन्मून तमाशाच्या नादीं लागले, तेव्हां सख्ख्या भावानें त्यांस घराबाहेर काढलें. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) हे पठ्ठे बापूराव झाले, तेव्हां त्यांच्या जातभाईंनीं कोणते उद्गार काढले असतील तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. यमुनाबाई वाईकर यांचा पद्मश्रीनें सत्कार झाला तो २०१२ सालीं, त्यांचें वय नव्वदीच्या पुढें गेल्यावर!

टँगोची कुळकथा याहून निराळी नाहीं. ला प्लाता नदीच्या मुखाशीं ब्यूनॉस आयर्स आणि माँतेव्हिदेओ हीं दोन बंदरें आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इटली व स्पेन येथून पोटासाठीं आलेले हजारों मजूर, आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आणि खेड्यांतून शहरांत आलेले स्थानिक लोक या बंदरांच्या कडेला चाळी करून राहत. परळ-लालबागच्या चाळी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस त्या दाटीची कल्पना सहज येईल. तेथें हें नृत्य जन्मलें, आणि कुलीन घरांत त्याचें नांव काढण्याची सोय नव्हती. पुढें १९१३ च्या सुमारास पॅरिस नगरास त्याचें वेड लागलें. जर्मनीचे कैसर दुसरे विल्हेल्म यांनीं तर गणवेशांतील अधिकाऱ्यांनीं हा नाच नाचूं नये असें फर्मान काढलें. पॅरिसनें डोक्यावर घेतल्यानंतर ब्यूनॉस आयर्सच्या श्रीमंतांसही आपल्याच परसांतील या रोपट्याचें फूल दिसूं लागलें. आणि २००९ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत त्याची गणना केली. परक्यानें वाखाणल्याखेरीज घरच्या वस्तूची किंमत न कळण्याचा रोग एकट्या हिंदुस्थानचा नव्हे, हें पाहून आम्हांस थोडें समाधान वाटलें.

तेव्हां पाहावें कीं न पाहावें हा प्रश्न आम्ही निकालांत काढतों. पाहावें. खरा प्रश्न कोणतें पाहावें हा आहे, कारण प्रवाशांपुढें मांडलेल्या टँगोंत उत्तम आणि हिणकस दोन्ही आहेत, आणि पत्रकावरील चित्रांत दोहोंचा फरक मुळींच दिसत नाहीं. सर्व चित्रांत एकच बाई, एकच तांबडा झगा आणि एकच उचललेला पाय!

आमच्या घरीं या निवडीवरून चांगलाच वाद झाला. जावईबापूंनीं मोठ्या आपुलकीनें एक पंचतारांकित हॉटेल शोधून ठेवलें होतें. राहणें तेथेंच, भोजन तेथेंच आणि नृत्यही तेथेंच. "बाबा, रात्रीं बाहेर पडायला नको, आईंच्या गुडघ्यांनाही बरें," हें त्यांचें म्हणणें. म्हणणें खोटें नव्हतें. ज्यांस चाकांच्या खुर्चीखेरीज हिंडतां येत नाहीं त्यांनीं तीच वाट धरावी असें आम्हीही सांगूं. परंतु त्या एका रात्रीचा हिशेब आमच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाच्या पलीकडे जात होता. आम्ही कागदावर बेरजा मांडीत बसलों असतां आमची गृहिणी इतका वेळ गप्प होती. लहानपणीं ती दादरास दोन वर्षें कथ्थक शिकली होती. पुढें वरच्या इयत्तेंत गेल्यावर "आतां पुरे" म्हणून तिच्या वडिलांनीं घुंगरू माळ्यावर टाकले, ते पुन्हां खालीं आले नाहींत. लग्नाला अडतीस वर्षें झालीं, परंतु अमुक पाहावयाचें आहे असा हट्ट तिनें धरल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ती म्हणाली, "मला त्यांचें जेवण नको, आणि मऊ गाद्याही नकोत. मला त्या लोकांचे पाय नीट दिसले पाहिजेत." या एका वाक्यानें निवडीची कसोटी आमच्या हातीं आली. टँगो पायांत आहे. पाय जेथून दिसतील तें नाट्यगृह चांगलें, न दिसतील तें वाईट. मग त्याचीं झुंबरें केवढींही असोत.

येथें आमच्या जुन्या अभ्यासाचा अनपेक्षित उपयोग झाला. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहांचीं मापें दिलीं आहेत. ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ अशा तीन प्रकारांत त्यांनीं मर्त्यांसाठीं मध्यम पसंत केलें, तें ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. फार मोठ्या गृहांत शब्द फुटून जातात आणि मुखावरील भाव मागच्या प्रेक्षकास उमगत नाहींत, हें त्याचें कारण त्यांनींच सांगितलें आहे. या लांबीचा अर्धा भाग रंगभूमि आणि नेपथ्य यांकडे जातो. हात दीड फुटाचा धरला तर प्रेक्षकांस उरली ती ४८ फूट लांब-रुंद चौरस जागा. म्हणजे शेवटच्या माणसाची नजर सुद्धां नर्तकाच्या टाचेपर्यंत पोंचते. ब्यूनॉस आयर्समध्यें हजारावर माणसें एका वेळीं जेवूं घालणारीं टँगोगृहें झालीं, आणि एका ठिकाणीं तर रंगमंचावर घोडे आणीत असत. उलट शेंदीडशें खुर्च्यांचीं जुनीं घरेंही आहेत. मोठ्या गृहांत नर्तकांच्या जोड्या दहाबारा, उड्या भारी आणि दिवे डोळे दिपविणारे असतात. तेथील देखाव्याची आम्ही निंदा करीत नाहीं, नातवंडांस तो आवडेलही. परंतु तेथें टँगोपेक्षां सर्कशीची आठवण अधिक होण्याचा संभव आहे. मुनींचें माप धरून आम्हीं लहान घर निवडलें.

दुसरी कसोटी कालिदासाची. मुलुंडच्या नाट्यमंदिरास ज्याचें नांव आहे त्याच कवीच्या मालविकाग्निमित्रांत दोन नृत्याचार्यांचा तंटा तोडण्याचें काम एका परिव्राजिकेवर येतें. ती प्रथम कोणती अट घालते? शिष्यांनीं वेषभूषेचा भार कमी करून यावें, म्हणजे सर्वांगाचें सौष्ठव दिसेल. तिकिट घेण्याआधीं आपणही हीच अट मनांत धरावी. ज्या खेळाच्या जाहिरातींत कपड्यांचा आणि रोषणाईचा बडिवार फार, त्यांत पदन्यास थोडा असतो. आणि एक प्रश्न न लाजतां विचारावा: वाद्यें प्रत्यक्ष वाजतात कीं मुद्रित संगीत लावतात? टँगोचा जीव बांदोनेऑन नांवाच्या वाद्यांत आहे. हें मूळचें जर्मनीचें. क्रेफेल्ड गांवच्या हाइन्रिख बांड यांच्या नांवावरून त्यास हें नांव मिळालें. आपल्या पेटीचें तें चुलतभावंड, कारण दोहोंतही भात्याच्या वाऱ्यानें धातूच्या पट्ट्या कांपून स्वर निघतो. परंतु पेटीचा भाता एका हातानें हलवितात, बांदोनेऑन मात्र मांडीवर ठेवून दोन्ही हातांनीं उघडतात आणि मिटतात. त्याच्या रूढ प्रकारास ७१ बटणें असतात. आणि गंमत अशी कीं भाता उघडतांना बटण एक स्वर देतें, मिटतांना बहुधा दुसराच. म्हणजे वाजविणाऱ्यास दुहेरी पाठांतर! त्याच्या जोडीस व्हायोलिन, पियानो आणि उभें जंगी कॉन्ट्राबास. हीं चार वाद्यें समोर बसून वाजविणारीं माणसें असलीं तर अर्धे पैसे तेथेंच वसूल झाले असें समजावें.

आतां पानाकडे वळूं. या गृहांचा क्रम साधारण असा असतो कीं साडेआठच्या सुमारास जेवण मांडतात, दहाच्या सुमारास खेळ सुरू होतो आणि मध्यरात्रीच्या आंतबाहेर संपतो. तिकिटें दोन तऱ्हांचीं. जेवणासह आणि नुसत्या खेळाचीं. पहिलें तिकीट ठळक अक्षरांत छापतात, दुसरें विचारल्यावर सांगतात. जेवणाच्या तिकिटांत मुख्य पदार्थ म्हणजे गोमांसाचा मोठा तुकडा आणि सोबत माल्बेक द्राक्षांचें मद्य. शाकाहारी माणसास त्याच पैशांत शेवयांसारखा कांहीं पदार्थ आणि भाजीचीं पानें मिळतात. आम्ही दोघेही न खाणारे, न पिणारे. दुसऱ्याच्या ताटाचे पैसे आपल्या गांठीचे कां मोजावे? शिवाय आपल्याकडे जेवतांना बोलणें सुद्धां वर्ज्य मानणारे वडील होते. तेथें पुढ्यांत काटेचमचे वाजत असतां डोळे रंगमंचावर लावणें आम्हांस तरी जमलें नसतें. नुसत्या खेळाच्या तिकिटास कित्येक ठिकाणीं मागची जागा देतात, ही त्यांतली अडचण. तिच्यावर तोड अशी कीं चार-पांच दिवस आधीं सांगून थोडी उंचावरची जागा मागावी. सपाट जमिनीवरील पुढच्या मेजापेक्षां सज्जांतील मागची खुर्ची बरी, कारण पुढच्या मेजावरून नर्तकांचीं तोंडें दिसतात आणि पाय दुसऱ्यांच्या डोक्यांआड जातात.

जेवावयाचेंच असेल तर शब्दांची सावधगिरी बाळगावी. त्या देशांत 'कार्ने' म्हणजे गोमांस असाच अर्थ लोक घेतात, म्हणून नुसतें 'सिन कार्ने' म्हटल्यास कोंबडी येण्याची भीति. 'सिन पोशो, सिन पेस्कादो, सिन हामोन' असें कोंबडी, मासा आणि डुकराचें मांस यांचें नांव घेऊन निवारण करावें. ('पोयो' हा स्पॅनिश शब्द ब्यूनॉस आयर्सचे लोक 'पोशो' असा उच्चारतात, पुस्तकांतून शिकलेला उच्चार तेथें हंशास कारण होतो.) एम्पानादा नांवाचा पदार्थ पाहून आपल्या गृहिणींस माहेर भेटल्यासारखें वाटेल. ती हुबेहूब करंजी, आणि आंत काय भरलें आहे तें कांठाच्या मुरडीवरून ओळखण्याची चाल. मक्याच्या दाण्यांचें सारण असतें तिला 'उमिता' म्हणतात. मात्र सारण शाकाहारी असलें तरी पारीच्या कणकेंत गाईची चरबी घालण्याची तेथें जुनी रीत आहे, हें वरून ओळखूं येत नाहीं. सकाळच्या न्याहारींत येणाऱ्या अर्धचंद्राकृति पावाची गोष्ट तीच. त्यांत 'ग्रासा' म्हणजे चरबीचा आणि 'मान्तेका' म्हणजे लोण्याचा असे दोन प्रकार. ज्यांस याचा विधिनिषेध आहे त्यांनीं विचारून घ्यावें, विचारल्यास ते लोक रागावत नाहींत. दूध आटवून केलेलें 'दुल्से दे लेचे' मात्र निःशंक खावें. आमच्या नातवानें त्यास 'चॉकलेटी बासुंदी' असें नांव दिलें आहे.

या सर्वांवरून मुक्कामाचा निर्णय आपोआप होतो, आणि तो या क्रमानेंच करावा असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. लोक आधीं हॉटेल घेतात आणि मग त्याच्या भोंवतीं शहर शोधतात. ज्या रात्रीसाठीं आपण जाणार ती रात्र कोठें आहे तें पाहावें आणि मग अंथरूण पसरावें. जुनीं टँगोगृहें सान तेल्मो आणि मोन्सेर्रात या लागून असलेल्या मोहल्ल्यांत पुष्कळ. सान तेल्मोंतच गायक एदमुंदो रिव्हेरो यांनीं १९६९ सालीं एका जुन्या वास्तूंत 'एल विएखो आल्मासेन' ही प्रसिद्ध जागा सुरू केली. नांवाचा अर्थ 'जुनें वाणसामानाचें दुकान'. जवळच्या आवेनिदा दे मायो या रस्त्यावर १८५८ पासूनचें कॅफे तोर्तोनी आहे, त्याच्या तळघरांत लहान खेळ होतात. रेकोलेता आणि पालेर्मो हे भाग अधिक स्वच्छ, अधिक शांत, आणि त्या मानानें महाग. वृद्धांस फिरावयास तेच उत्तम हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आवेनिदा दे मायोच्या खालून जाणारी भुयारी गाडी (ही १९१३ सालची) खेळ सुटण्याच्या वेळीं बंद झालेली असते, आणि व्यापारी पेठांचा मध्यभाग रात्रीं अगदीं ओस पडतो. म्हणून टॅक्सीनें दहा मिनिटांत पोंचतां येईल, आणि ज्याच्या दारांत रात्रभर माणूस जागा असतो, असें ठिकाण शोधावें. कांहीं गृहें तिकिटांतच नेण्याआणण्याची गाडी देतात. तिचा फेरा किती हॉटेलांवरून जातो तें विचारावें, नाहीं तर घरीं येईपर्यंत एक वाजतो. तेथील टॅक्सीही काळ्यापिवळ्या आहेत, हें पाहून गृहिणीस अंधेरी स्टेशनाबाहेर आल्याचा भास झाला.

आम्हीं घेतलें तें हॉटेल नव्हे, स्वयंपाकाच्या कोपऱ्यासह दोन खोल्यांचें बिऱ्हाड होतें. अशीं ठिकाणें त्या शहरांत पुष्कळ आहेत आणि त्यांस 'आपार्त ओतेल' म्हणतात. तांदूळ आणि मसुरीची डाळ कोठेंही मिळते. हिंग, जिरें, हळद यांची पुडी आम्हीं साव पावलोहून नेली होती. खेळाच्या दिवशीं संध्याकाळीं सात वाजतां आम्हीं मऊ खिचडी आणि दही खाल्लें. त्या शहरांत इतक्या लवकर कोणी रात्रीचें जेवत नाहीं. उपाहारगृहांचीं दारें आठाच्या आंत क्वचित् उघडतात. रवीन्द्रनाथ ठाकूर १९२४ च्या नोव्हेंबरांत आजारी स्थितींत याच शहरीं उतरले, तेव्हां व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीनें त्यांस प्लाझा हॉटेलांतून काढून नदीकांठच्या सान इसिद्रो येथील एका घरांत ठेवलें, आणि ते तेथें पुष्कळ दिवस राहिले. म्हाताऱ्या माणसास घर मानवतें.

पैशांची गोष्ट थोडक्यांत. त्या देशांत २०२३ सालीं महागाई वर्षाला २०० टक्क्यांच्या वर गेली होती. तेव्हां कोणी मागील वर्षीं दिलेला पेसोंतील आकडा आज धरूं नये, त्या दिवसाचा विचारावा. परदेशी प्रवाशानें पारपत्र दाखवून परदेशच्या कार्डानें भाडें दिल्यास मुक्कामावरील २१ टक्के कर सोडण्याची सवलत २०१७ सालीं सुरू झाली. आपण उतरणार तेथें ती मिळते कीं नाहीं, हें खोली ठरवितांनाच लेखी विचारून ठेवावें. आम्हांस मिळाली. त्या वांचलेल्या पैशांत दोघांचीं तिकिटें जवळजवळ निघालीं.

आणखी एक सूचना मुलुंडच्या वाचकभगिनीस. आपण मुंबईहून एकसारख्या जाणार. ब्यूनॉस आयर्समध्यें रात्रीचे दहा वाजतात तेव्हां मुलुंडास दुसऱ्या दिवशींचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे पडदा उघडतांना आपलें शरीर रात्रभर जागून पहांटेच्या गाडीसाठीं उभें असल्यासारखें असेल. पोंचल्यापासून तीन रात्री तरी जाऊं द्याव्या. प्रवासी कंपन्या पुष्कळदां पहिल्याच रात्रीं हा खेळ घालतात, आणि मग शंभर डॉलरची झोंप मोठी सुखाची लागते!

आमच्या त्या रात्रीविषयीं फार सांगत नाहीं. दीडशें माणसांची जागा, विटांच्या जुन्या भिंती, आम्हांस सज्जांतील दोन खुर्च्या. पहिल्या तीन-चार जोड्या तरुण. झपाटा मोठा, टाळ्याही मोठ्या. नंतर साठीच्या घरांतील एक जोडपें आलें. त्यांनीं एकही उडी मारली नाहीं. नुसते चालले. टँगोंत बाई बहुतेक वेळ मागें मागें चालते, आणि पाठीमागें काय आहे हें तिला पाहावें लागत नाहीं, कारण तें पाहणें पुरुषाचें काम. बांदोनेऑनचा भाता उघडा राहिला कीं तीं दोघें थांबत, आणि समेची वाट पाहत असल्यासारखा तो थांबणें आपल्यालाही कळे. आमच्या मनगटावर कोणी तरी बोटांनीं मात्रा मोजीत असल्याचें आमच्या ध्यानांत आलें. घुंगरू माळ्यावर गेले तरी मोजणें गेलें नव्हतें. परततांना टॅक्सींत ती इतकेंच म्हणाली, "ती थांबते ना, तें सर्वांत कठीण. आमच्या बाई तेवढ्यासाठींच ओरडायच्या."

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही एक 'मिलोंगा' पाहिला, म्हणजे गांवचे लोक स्वतः नाचण्यासाठीं जमतात ती बैठक. हिचें प्रवेशमूल्य खेळाच्या तिकिटाच्या मानानें अगदीं किरकोळ असतें, आणि कट्ट्यावरील त्या गृहस्थांस आम्ही मुद्दाम येथेंच आणून बसवूं. सर्व जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनें एका मागून एक फिरतात, कोणी कोणास धक्का लावीत नाहीं. तीन-चार गाण्यांचा एक फेर झाला कीं पुरुष बाईस तिच्या जागेवर पोंचवून येतो. नाचण्याचें बोलावणें तोंडानें करीत नाहींत; दूरवरून नजर द्यावयाची, समोरच्या बाईनें मान हलविली तरच उठावयाचें, आणि तिनें नजर वळविली तर विषय संपला. परस्त्रीशीं वागण्याची याहून सभ्य रीत आम्हीं आपल्या लग्नसमारंभांतून पाहिलेली नाहीं. केवळ पाहावयास गेलेल्यांनीं मात्र कोणाकडे टक लावूं नये. सत्तरीच्या एका गृहस्थांनीं आमच्या गृहिणीकडे पाहून मान लवविली, तेव्हां तिनें घाईघाईनें पर्स उघडून चष्म्याची पेटी शोधावयास घेतली, आणि ती पेटी शेवटपर्यंत सांपडली नाहीं. ऑगस्टांत जाणाऱ्यांस आणखी सोय आहे. २००३ पासून तेथें टँगोची जागतिक स्पर्धा भरते, तिच्या दिवसांतील बहुतेक कार्यक्रमांस तिकीट नसतें.

वेषाविषयीं विचारलें आहे. जरीचें लुगडें नको. साधी रेशमी साडी सर्वत्र चालते आणि तिची वाखाणणीही होते. अंगावर सोनें घालूं नये. रस्त्यांत कोणी पाठीवर चिकट पदार्थ उडाल्याचें दाखवून पुसूं लागला तर थांबूं नये, पिशवी आवळून धरून जवळच्या दुकानांत शिरावें. नोव्हेंबरांत तिकडे वसंत असतो, जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांचा सडा पडतो, तरी रात्रीं शाल लागते. चपला मात्र सामानांतून बाहेर काढूं नयेत. सान तेल्मोच्या पदपथांवरील फरश्या पुष्कळ ठिकाणीं सुटलेल्या आहेत, पावसानंतर त्यांच्या खालीं पाणी सांचतें आणि पाय पडतांच तें गुडघ्यापर्यंत उडतें. बांधावयाचे रबरी तळाचे बूट न्यावे. साडीखालीं ते कोणास दिसत नाहींत.